आयुष्याचा अर्थ बसून का सापडत नाही

'या सगळ्याला अर्थ काय?' हा प्रश्न मला तरी चालताना कधी पडलेला नाही. तो पडतो रात्री झोप उडाल्यावर छताकडे बघत पडलेलं असताना, किंवा कामाच्या मधेच खुर्चीत बसल्या बसल्या. उद्या परत हेच, परवा परत हेच, मग कशासाठी, असं एकदा सुरू झालं की ते डोक्यात गोल गोल फिरत राहतं. आणि त्यासाठी काही वाईट घडलेलं असायलाच पाहिजे असंही नाही. काम ठीक, माणसं ठीक, तब्येत ठीक आणि तरी आतून सगळं कोरडं, असं होतं. ज्यांना झालंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

रशियन लेखक टॉलस्टॉयचं असंच झालं होतं. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, दोन प्रचंड कादंबऱ्या लिहून झालेल्या, इस्टेट, बायको, मुलं, जगभर नाव आणि त्याला एकच प्रश्न छळायला लागला की बरं, हे सगळं मिळालं, मग पुढे काय? हे इतकं टोकाला गेलं की त्याने घरातली दोरी स्वतःपासूनच लपवून ठेवली आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणं बंद केलं, मोह होऊ नये म्हणून. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आधी त्याने सायन्समध्ये उत्तर शोधलं, मग फिलॉसॉफीत. सॉक्रेटिस, सॉलोमन, बुद्ध, शोपेनहाउअर, सगळे चाळून झाले आणि त्याला वाटलं की बुद्धीने विचार केला तर हे सगळेच शेवटी जगण्याच्या विरोधात कौल देतायत. मग तो साध्या शेतकऱ्यांकडे बघायला लागला, की यांना तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास आहे, मग ही माणसं कशाच्या जोरावर जगतात? आणि 1881 च्या जूनमध्ये हा काउंट टॉलस्टॉय शेतकऱ्याचा वेष करून, झाडाच्या सालीची पादत्राणं घालून ऑप्टिना नावाच्या मठाकडे चालत निघाला. गाडीने सहज जाता आलं असतं. पुढे त्याचं चर्चशी अजिबात जमलं नाही, 1901 मध्ये तर चर्चने त्याला बाहेरच काढलं, पण मला त्या चालत निघण्याचं फार महत्त्व वाटतं. ज्या प्रश्नापायी दोरी लपवावी लागत होती तोच प्रश्न घेऊन तो रस्त्याला लागला होता.

मी फिलॉसॉफी वाचायला लागले ती याच प्रश्नापायी. कोणी म्हणेल की त्याने डोकं अजून फिरतं, पण माझा अनुभव उलटा आहे, फिलॉसॉफीने मला आधी धीर दिला. म्हणजे हा प्रश्न माझा एकटीचा नाही, अडीच हजार वर्षं माणसं याच्याशी झटतायत, हे कळणंच केवढं मोठं. आणि दुसरं म्हणजे प्रश्न नीट विचारायला शिकवलं. 'अर्थ काय' म्हणताना मला नक्की काय हवंय? कोणीतरी वरून पाठवलेलं कारण हवंय, की सकाळी उठावंसं वाटेल असं काहीतरी हवंय, की मी मेल्यावरही काहीतरी उरावं अशी इच्छा आहे? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि मी ते एकात एक गुंतवून तिन्हीसाठी एकदम रडत होते.

फ्रेंच लेखक कामूचा सिसिफस, मूळचा ग्रीक पुराणकथेतला, बहुतेकांना माहीत असतो, तो डोंगरावर दगड ढकलत नेतो, दगड परत खाली येतो, परत ढकलायचा, कायमचं. पण 1942 मध्ये कामूने त्यावर लिहिलं तेव्हा त्याचं लक्ष दगड ढकलण्यावर नव्हतंच. त्याला रस होता तो सिसिफस खाली परत येतो त्या वेळात. दगड गेलाय, हात मोकळे आहेत आणि हा माणूस एकेक पाऊल टाकत डोंगर उतरतोय. कामू म्हणतो ती त्याची जाणिवेची वेळ, तिथे तो आपल्या नशिबापेक्षा मोठा होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते नुसतं सुंदर म्हणून वाचलं होतं, तो तिथे चालतोय ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

आणि किर्केगार्ड. हा डॅनिश तत्त्वज्ञ, कोपनहेगनचा, जन्म 1813 चा, जेमतेम बेचाळीस वर्षं जगला. पाठीत थोडा बाक, प्रकृती नाजूक, घरात उदासीचा वारसा, पण रोज शहराच्या रस्त्यांवरून चालायचा आणि भेटेल त्याच्याशी बोलत बोलत चालायचा. 1846 मध्ये एका टिंगलखोर साप्ताहिकाने त्याची, त्याच्या पँटची व्यंगचित्रं छापून इतकी थट्टा केली की रस्त्यावरची माणसं त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, आणि ज्या चालण्यावर तो जगत होता तेच अवघड होऊन बसलं. तरी 1847 मध्ये तो आपल्या वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला पत्र लिहितो की काहीही झालं तरी चालायची इच्छा सोडू नकोस, मी रोज चालत चालत बरा होतो, माझे सगळ्यात चांगले विचार मला चालतानाच सापडले आणि कुठलाच विचार इतका जड नसतो की त्याच्यापासून चालत लांब जाता येत नाही. ही वहिनी सतत आजारी असायची, बऱ्याचदा अंथरुणाला खिळलेली. म्हणजे ज्या बाईला चालणं अवघड आहे तिला तो हे लिहितोय आणि 'चाल' म्हणत नाहीये, 'चालायची इच्छा सोडू नकोस' म्हणतोय. त्या पत्रावर मी खूप विचार केलाय.

आता याला नुसती कविकल्पना म्हणू नका. 2014 मध्ये स्टॅनफर्डमध्ये एक अभ्यास झाला, बसलेली माणसं आणि चालणारी माणसं यांना नवीन कल्पना सुचवायला सांगितल्या, तर चालताना सुचण्याचं प्रमाण सरासरी 60 टक्क्यांनी वाढलं, अगदी ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चाललं तरीही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते जी फारसं कोणी सांगत नाही. ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर असतं त्यांच्यात चालण्याचा फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला. माझ्यासाठी इथे सगळं उलगडलं. मी आयुष्याच्या अर्थाकडे एकच बरोबर उत्तर असलेलं कोडं म्हणून बघत होते, म्हणून टेबलाशी बसून सोडवायला बघत होते. पण तो प्रश्न त्या जातीचाच नसेल तर?

चालताना काय होतं ते सांगते, कारण हे वाचून कळत नाही, बघावं लागतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही. घरातलं भांडण, ऑफिसातलं कोणाचं तरी बोलणं, राहिलेला फोन, सगळं तसंच बरोबर येतं. कित्येकदा तर राग वाढतो आणि पावलं जोरात पडायला लागतात. मग कधीतरी श्वास आणि पावलं यांचं आपोआप जुळतं, इतकी पावलं श्वास आत, इतकी पावलं बाहेर, आणि त्यानंतर डोक्यातली वाक्यं तुटायला लागतात. वाक्य सुरू होतं, 'ती मला असं म्हणालीच कशी', आणि मधेच समोर झाड येतं, त्याच्या खोडावर मुंग्यांची रांग वर चाललेली असते, एक मुंगी स्वतःहून मोठं काहीतरी ओढतेय, मी थांबते, बघते, आणि परत चालायला लागते तेव्हा ते वाक्य सापडत नाही. सोडवलं नाही, उत्तर दिलं नाही, पण त्याचा जोर गेला. आणि रिकाम्या झालेल्या जागेत कधी कधी, नेहमी नाही, दुसराच विचार येतो जो मी केलेला नसतो, आलेला असतो.

बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात, ठराविक जागेत जा-ये करत चालायचं आणि लक्ष पावलांवर ठेवायचं. बुद्धाने त्याचे पाच फायदे सांगितलेत: लांबचा प्रवास झेपतो, साधनेचे कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि पाचवा, चालताना मिळवलेली समाधी जास्त काळ टिकते. पचन आणि समाधी एकाच यादीत! मला हे फार आवडतं. शरीर एकीकडे आणि अध्यात्म दुसरीकडे अशी वाटणीच नाही तिथे.

मोबाईल मात्र घरी. कानात पॉडकास्ट लावून, स्टेप्सचं टार्गेट ठेवून चालणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ते वेगळं काम आहे.

पण नुसतं चालून अर्थ सापडतो असंही नाहीये, आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय कारण 'चालत राहा, सगळं ठीक होईल' हे वाक्य आजकाल फार स्वस्त झालंय. 'चरैवेति चरैवेति' आपण येता जाता म्हणतो. बसलेल्याचं भाग्य बसून राहतं, उभ्याचं उभं राहतं, झोपलेल्याचं झोपतं आणि चालणाऱ्याचं चालायला लागतं, असा तो ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला भाग. पण ते कोण कोणाला आणि कधी सांगतंय? हरिश्चंद्राने मुलगा झाला तर तो वरुणाला बळी देईन असं कबूल केलेलं असतं, मुलगा होतो, रोहित, आणि वयात आल्यावर हे कळताच तो धनुष्य घेऊन रानात पळून जातो. इकडे बाप आजारी पडतो, पोट फुगतं, ते ऐकून रोहित दर वर्षी परत यायला निघतो आणि दर वेळी इंद्र ब्राह्मणाच्या रूपात येऊन त्याला म्हणतो, परत जाऊ नकोस, चालत राहा. म्हणजे ज्याला आपण प्रेरणेचं वाक्य म्हणतो ते एका पळणाऱ्या मुलाला सांगितलेलं आहे. आणि इतकी वर्षं चालून त्या रोहितला काय मिळतं? रानात एक उपाशी ब्राह्मण भेटतो आणि रोहित शंभर गाई देऊन त्याचा मधला मुलगा विकत घेतो, आपल्या बदली बळी द्यायला. चालण्याने तो वाचला खरा, पण दुसऱ्याच्या जिवावर. ही गोष्ट वाचल्यापासून मी चालण्याला उगीच पवित्र म्हणत नाही. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे बघा, 1881 मध्ये सिल्स मारियाला तळ्याकाठी चालताना एका मोठ्या खडकापाशी त्याला त्याचा सगळ्यात मोठा विचार सुचला, तासन् तास चालायचा, चालताना सुचलेल्या विचारांनाच किंमत असते म्हणायचा, आणि 1889 च्या जानेवारीत ट्युरिनमध्ये त्याचं मन जे कोसळलं ते परत उभं राहिलंच नाही. चालणं औषध आहे पण सगळ्या आजारांवरचं नाही. ज्यांना दिवसच्या दिवस उठावंसं वाटत नाही, जगणं नकोसं होतंय, त्यांनी डॉक्टरकडे जावं, आजच जावं, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

तर मग श्रद्धा. हा शब्द उच्चारला की अर्धे वाचणारे निघून जातात हे मला माहितीये, मी पण जायचे. माझ्या डोक्यात श्रद्धा म्हणजे पुरावा नसताना एखादी गोष्ट खरी मानणं, आणि माझ्या बुद्धीला ते जमायचं नाही. ते बदललं ते शरीराकडे बघून. चालताना आपण साधारण ऐंशी टक्के वेळ एकाच पायावर असतो. प्रत्येक पावलात शरीर पुढे झुकतं, खरं तर पडायलाच लागतं, आणि मागचा पाय पुढे येऊन त्याला झेलतो. पुढची जमीन पक्की आहे हे आधी सिद्ध करून मग कोणी पाऊल टाकत नाही, तसं केलं तर चालताच येणार नाही. पाय टाकायचा, भार द्यायचा, मग जमीन आहे हे कळतं. किर्केगार्डने श्रद्धेला सत्तर हजार वाव खोल पाण्यावर असण्याची उपमा दिलीय, खाली काही नाही आणि तरी आनंदात असणं. मला ते पाणी फार भीतीदायक वाटतं, मला पाऊल पुरतं. आणि याचा अर्थ डोळे मिटून चालायचं असा नाही, उलट ज्याला पुढची वाट नीट दिसत नाही तो जास्त लक्ष देऊन चालतो. विचार करणं आणि श्रद्धा ठेवणं यांचं वैर आहे असं मला आता वाटत नाही. एक पुढची वाट न्याहाळतं, दुसरं भार टाकतं.

तुकोबा म्हणतात ना, जेथे जातो तेथे तू माझा सांगाती, चालविसी हाती धरूनिया. लहानपणापासून ऐकलेली ओळ, पण ती बाई किंवा बुवा मूर्तीसमोर बसून म्हणतायत असंच चित्र डोळ्यासमोर यायचं. ती चालणाऱ्याची ओळ आहे. त्यात देव वाटेच्या शेवटी उभा नाही, बरोबर चालतोय, ओझ्यातलं ओझं उचलतोय. आणि हे दुष्काळात घरची माणसं गमावलेल्या माणसाने म्हटलंय, म्हणून मला त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. जगभर माणसं देवाकडे चालत का जातात, वारी असो, कैलासची परिक्रमा असो, स्पेनमधलं सांतियागो असो की जपानमधल्या शिकोकू बेटावरची 88 मंदिरं, याचं मला सुचलेलं कारण हेच, की पोचल्यावर जे भेटायचं त्याचा सराव वाटेतच होतो.

ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला आत्यामुळे पडला. शेवटची दोन-अडीच वर्षं ती पलंगावरच होती. मी फिरून आले की पहिला प्रश्न, "कुठवर गेलीस गं?" मग मी सांगायचे, अमुक वळणापर्यंत, आणि ती म्हणायची, "मग ते मोठं झाड लागलं असेल, त्याला पालवी आली का?" आली असेल तर आली सांगायचे, नसेल बघितलं तर दुसऱ्या दिवशी बघून यायचे. ती बोटांच्या पेरांवर नाम मोजायची आणि तिचा अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर असा काही सरकायचा, न घाई न आळस, की मला ते चालणंच वाटायचं. त्या रोहितच्या गोष्टीतला विकत घेतलेला मुलगा, शुनःशेप, तोही खांबाला बांधलेलाच आहे. शंभर गाई घेऊन त्याचा बापच त्याला बांधतो आणि अजून शंभर गाई घेऊन सुरी चालवायलाही तोच तयार होतो. तेव्हा तो मुलगा म्हणतो, हे मला माणूस नसल्यासारखं मारणार, आता मी देवांकडे धाव घेतो. हलता तर येत नाहीये आणि म्हणतोय धाव घेतो! एकेका देवाची स्तुती करत तो शेवटी उषेपर्यंत येतो आणि तिची एकेक ऋचा म्हणता म्हणता त्याचे पाश सुटत जातात, इकडे हरिश्चंद्राचं पोटही उतरत जातं. रोहित सगळं रान चालला तरी सुटला नव्हता. मला वाटतं ही गोष्ट रचणाऱ्याला दोघांमधला फरक चांगला माहीत होता.

व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ विक्टर फ्रँकल, त्याचं तसंच आहे. नाझी छावणीत पहाटे अंधारात त्यांना कामाच्या जागी चालवत न्यायचे, दगडांवर ठेचकाळत, बंदुकीच्या दस्त्याचे फटके खात. शेजारचा माणूस कुजबुजला की आपल्या बायकांनी आत्ता आपल्याला बघितलं तर! आणि फ्रँकलच्या मनात त्याच्या बायकोचा चेहरा इतका स्पष्ट उभा राहिला की तो तिच्याशी बोलत चालत राहिला. ती जिवंत आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. ती पुढे वाचली नाही. ते चालणं त्याने निवडलेलं नव्हतं, त्यात ताजी हवा आणि मनःशांती यातलं काही नव्हतं, तरी माणसाला अर्थ कशाने मिळतो हे त्याला तिथे दिसलं. नंतर तो म्हणाला की आयुष्याला अर्थ काय असं आपण विचारायचं नसतं, आयुष्यच आपल्याला विचारत असतं, आणि आपण उत्तर द्यायचं असतं, वागण्यातून.

यावर माझं माझ्या एका मैत्रिणीशी पटत नाही. तिचा मुलगा गेला. त्यानंतर बरेच महिने ती कोणाशी समोरासमोर बसून बोलूच शकायची नाही, पण शेजारी चालताना बोलायची, कारण चालताना डोळ्यात बघावं लागत नाही आणि गप्प बसलं तरी ते गप्प बसणं अंगावर येत नाही, पावलांचा आवाज असतो. तिने एकदा विचारलं, "तुझा तो बरोबर चालणारा देव तेव्हा कुठे होता?" मला उत्तर नव्हतं, आजही नाही, आणि तिला मी बनवून काही सांगणार नाही. मला एवढंच दिसतं की ती विचारतेय, रागाने का होईना त्याच्याशीच बोलतेय, आणि मी तिच्या शेजारी आहे. तिला फ्रँकल वाचायला दिला तर दोन आठवड्यांनी परत करत म्हणाली, "दुःखाला अर्थ असायलाच पाहिजे असं कोणी ठरवलं? काही दुःखं नुसती दुःखं असतात." मला ते पूर्ण पटलेलं नाही, खोटंही म्हणता येत नाही. येत्या रविवारी सकाळी याच्यावरच बोलायचं ठरलंय, वाट ती निवडणार आहे.